दार उघडल्यानंतर

एखादा मनुष्य जाचक पंथाच्या तावडींतून सुटून घरीं परत आला, अशी बातमी अधूनमधून वर्तमानपत्रांत येते. आपण ती वाचतों, "सुटला बिचारा" असें म्हणतों आणि पान उलटतों. त्या मनुष्याची अडचण मात्र पुष्कळदां त्याच दिवसापासून नव्यानें सुरू होते. आणि ती काय असते, किती दिवस टिकते, घरच्या माणसांनीं अशा वेळीं कसें वागावें, याचा विचार आपल्या सुशिक्षित घरांतूनहि फारसा झालेला दिसत नाहीं. आजच्या भाषणासाठीं मीं तेवढाच विषय घेतला आहे. मी कोणी मानसशास्त्रज्ञ नव्हे. छत्तीस वर्षें मुलांना गणित शिकविलेला एक निवृत्त शिक्षक आहें. परंतु या बाबतींत माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती चूक कां होती हें समजून घेण्यासाठीं मला बरेंच वाचावें लागलें. त्या वाचनाचें सार आपल्यापुढें ठेवीत आहें.

आरंभीं एक खुलासा केला पाहिजे. 'पंथ' हा शब्द आपल्याकडे वाईट अर्थाचा नाहीं. आषाढीची वारी एखाद्या वर्षीं चुकली तर वारकऱ्याला कोणी वाळींत टाकीत नाहीं. त्याचें घर, त्याचीं मुलें, त्याची कमाई हीं त्याचींच राहतात, आणि पंढरीहून तो आपल्याच घरीं परत येतो. मी बोलणार आहें तें निराळ्या मंडळींविषयीं. त्यांत शिरण्याचें दार मोठें असतें, बाहेर पडण्याचें नसतेंच. अशा मंडळीचीं लक्षणें ठळक आहेत. एका व्यक्तीच्या शब्दावर प्रश्न विचारणें हें पाप ठरतें. घरच्या माणसांशीं संबंध तोडावयास लावतात. पैसा, दागिने, कागदपत्रें स्वाधीन करून घेतात. आणि 'बाहेर गेलास तर तुझा सर्वनाश होईल' ही भीति रोज मनावर बिंबवितात. अशी मंडळी धर्माच्याच नांवानें चालते असेंहि नाहीं. समाजसेवा, राजकारण, मनःशांति, आरोग्य, कोणत्याहि पाटीखालीं ती चालूं शकते.

आतां माझी चूक. माझा एक विद्यार्थी होता. त्याचें नांव-गांव सांगत नाहीं, आणि ओळख पटेल असा तपशीलहि गाळतों. वर्गांत पहिल्या तिघांत त्याचा नंबर असे. अभियांत्रिकीचें शिक्षण पुरें करून नोकरीला लागतांच तो अशाच एका मंडळींत ओढला गेला. पगार तिकडे जाऊं लागला. मग पत्रें थांबलीं, दूरध्वनि थांबले. मध्यंतरीं त्याचे वडील वारले. निरोप त्याला एका महिन्यानें सांगण्यांत आला, आणि तेव्हांहि घरीं जाऊं दिलें नाहीं. अकरा वर्षांनीं एके रात्रीं अंगावरच्या कपड्यांनिशीं तो तेथून निघाला व आईच्या दारांत येऊन उभा राहिला. चार दिवसांनीं आई त्याला माझ्याकडे घेऊन आली. मला अत्यंत आनंद झाला, आणि त्या आनंदाच्या भरांत माझ्या तोंडून पहिला प्रश्न गेला तो असा: "अरे, तूं इतका हुशार! तूं कसा रे फसलास?" तो कांहीं बोलला नाहीं. चहाचा पेला तसाच ठेवून तो उठला, आणि त्यानंतर वर्षभर माझ्याकडे फिरकला नाहीं.

हुशार माणूस कसा फसतो, या माझ्याच प्रश्नाचें उत्तर शोधतां शोधतां मी एका दूरदेशच्या घटनेपाशीं येऊन थांबलों. ती घटना जगजाहीर आहे, आणि तिच्यांतून वांचलेल्या कित्येक माणसांनीं आपले पुढील आयुष्याचे अनुभव स्वतः लिहून ठेवले आहेत. म्हणून तिचा आधार घेतों.

अमेरिकेंत इंडियाना राज्यांत जिम जोन्स नांवाच्या धर्मोपदेशकानें १९५० नंतरच्या दशकांत 'पीपल्स टेंपल' ही मंडळी स्थापन केली. गोरे व कृष्णवर्णीय लोक एका बांकावर बसून प्रार्थना करीत आहेत, हें दृश्य त्या काळीं तिकडे दुर्मिळ होतें. या मंडळींत तें रोजचें होतें. वृद्धांना आश्रय, भुकेलेल्यांना जेवण, व्यसनी तरुणांना आधार, अशीं कामेंहि ती करी. १९६५ सालीं ही मंडळी कॅलिफोर्नियांत आली आणि पुढें सॅन फ्रान्सिस्को शहरांत तिचें वजन इतकें वाढलें कीं १९७६ सालीं जोन्स याची शहराच्या गृहनिर्माण मंडळावर नेमणूक झाली. तिच्यांत सामील झालेल्यांत वकील होते, परिचारिका होत्या, शिक्षक होते. वर्णद्वेषानें पोळलेल्या आजीबाई होत्या आणि जग सुधारूं पाहणारे विद्यार्थीहि होते. त्यांना तेथें ओढून नेणारी गोष्ट मोह नव्हती. समतेची आस होती. बुद्धि अशा ठिकाणीं मनुष्याचें रक्षण करीत नाहीं, कारण आरंभीं जें डोळ्यांना दिसतें तें खरोखरीच चांगलें असतें.

दार बंद झालें तें हळूहळू. प्रथम रविवारची सभा, मग आठवड्याच्या रात्री, मग मिळकतीचा हिस्सा, मग राहतें घर. भर सभेंत एकेकाला उभें करून त्याच्या दोषांचे पाढे वाचण्याची पद्धति होती, आणि ते वाचणारांत स्वतःचीं बायकामुलें असत. १९७४ पासून दक्षिण अमेरिकेंतील गयाना देशाच्या दाट जंगलांत 'जोन्सटाउन' नांवाची वसाहत उभारली जाऊं लागली. १९७७ सालीं स्वतः जोन्स व शेंकडों अनुयायी तेथें राहावयास गेले. तेथें पासपोर्ट काढून घेतलेले, पत्रें तपासलेलीं, भोंवतीं जंगल, आणि ध्वनिक्षेपकावरून वेळीं-अवेळीं कानांवर पडणारा एकाच माणसाचा आवाज! कित्येक रात्रीं सर्वांना झोपेंतून उठवून 'शत्रु आला आहे, आतां सामुदायिक मरण पत्करूं' याची तालीम करविली जाई. मे १९७८ मध्यें निसटलेल्या डेबोरा लेटन या तरुणीनें जूनमध्यें प्रतिज्ञापत्र लिहून ही गोष्ट उघड केली. परंतु वेळींच कांहीं घडलें नाहीं.

१८ नोव्हेंबर १९७८ रोजीं चौकशीसाठीं आलेले अमेरिकन काँग्रेसचे सभासद लिओ रायन हे परत निघाले असतां विमानाच्या धावपट्टीवर त्यांचा व आणखी चौघांचा गोळ्या घालून वध झाला. त्याच संध्याकाळीं जोन्सटाउनमध्यें ९०९ माणसें मेलीं, बहुतेक विषानें. राजधानींतील चार मृत्यु धरून त्या दिवसाचा एकंदर आंकडा ९१८ होतो. त्यांत तीनशेंहून अधिक अजाण मुलें होतीं. या प्रकाराला अनेक वर्षें 'सामुदायिक आत्महत्या' म्हणत आले; पण जेथें तान्हीं मुलें आहेत आणि भोंवतीं शस्त्रधारी पहारा आहे, तेथें हें नांव कसें शोभेल?

वांचले ते थोडे. त्याच सकाळीं अकरा जण, त्यांत लहान मुलेंहि होतीं, वनभोजनाच्या मिषानें निघाले आणि जंगलांतून व रेल्वेच्या रुळांवरून सुमारें तीस मैल चालत जाऊन जगले. कांहीं जण कामानिमित्त राजधानी जॉर्जटाउन येथें होते, म्हणून वांचले. हे लोक मायदेशीं परतले तेव्हां त्यांचीं घरें विकलेलीं होतीं, पैसा गेलेला होता, आणि ज्यांच्याविषयीं शोक करावयाचा तीं माणसें लोकांच्या दृष्टीनें वेडीं ठरलेलीं होतीं. त्या दिवशीं विष ज्या सरबतांत मिसळलें होतें त्यावरून, आंधळेपणानें कोणाच्या मागें जाणाराला उद्देशून, अमेरिकन इंग्रजींत एक थट्टेचा वाक्प्रचारच रूढ झाला. ज्यांचीं मुलें तेथें गेलीं त्यांना तो चार माणसांत वारंवार ऐकावा लागला. श्रोतेहो, हें वाचतांना मला माझा प्रश्न आठवला. 'तूं कसा रे फसलास?' यांत आणि त्या थट्टेंत शब्दांचा फरक आहे. पण ऐकणाराचें तोंड बंद करण्याची शक्ति दोहोंत सारखीच आहे.

वांचलेल्यांपैकीं लॉरा जॉन्स्टन कोल या बाईंची हकीगत विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. १९७० सालीं, समतेच्या ध्येयानें भारून, ऐन तारुण्यांत त्या या मंडळींत आल्या. त्या भयंकर दिवशीं त्या जॉर्जटाउनमध्यें होत्या. परत आल्यावर एकटीनें राहणें त्यांना जमेना. १९८० सालीं त्या 'सिनॅनॉन' नांवाच्या दुसऱ्या एका सामुदायिक वसाहतींत जाऊन राहिल्या, आणि दहा वर्षें तेथें राहिल्या. व्यसनमुक्तीसाठीं निघालेली ही संस्था स्वतःच पुढें जाचक होऊन कुप्रसिद्ध झाली व १९९१ सालीं मोडली. एका कोंडवाड्यांतून सुटलेला मनुष्य दुसऱ्या तशाच ठिकाणीं कां जातो, असें आपल्याला वाटेल. पण बाई स्वतः सांगत कीं, तेथें त्यांना सोबत मिळाली, जोडीदार मिळाला, सांवरावयास अवधि मिळाला. वर्षानुवर्षें दर क्षणीं माणसांच्या घोळक्यांत राहिलेल्या व्यक्तीला एकांताची खोली ही मुक्तता वाटत नाहीं, ती शिक्षा वाटते. हें त्यांच्या उदाहरणावरून कळतें. पुढें त्यांनीं अपुरें शिक्षण पुरें केलें आणि सार्वजनिक शाळेंत शिक्षिका झाल्या. १९९८ सालीं, म्हणजे वीस वर्षांनीं, त्या प्रथमच इतर वांचलेल्यांच्या मेळाव्याला गेल्या. त्यानंतर मोकळेपणें बोलूं लागल्या. २०१० सालीं त्यांनीं आपलें आत्मकथन प्रसिद्ध केलें. २०१९ च्या नोव्हेंबरांत त्या वारल्या. सुटकेपासून पुस्तकापर्यंत बत्तीस वर्षें! आणि आपण चार महिन्यांत विचारतों, "अजून तूं पूर्वीसारखा कां होत नाहींस?"

हा विलंब कां लागतो? मार्गारेट सिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनीं अशा मंडळींतून बाहेर आलेल्या पुष्कळ तरुणांशीं बोलून १९७९ सालीं एक लेख प्रसिद्ध केला. या मंडळी माणसाचें मन नेमकें कशा रीतीनें वश करतात याविषयीं सिंगरबाईंच्या मतांवर विद्वानांत पुढें बराच वाद झाला. तथापि सुटलेल्यांच्या ज्या अडचणी त्यांनीं नोंदविल्या त्या आजहि ओळखीच्या वाटतात. खिन्नता, एकटेपणा, पूर्वीच्या मंडळीची भीति, आपण मागें सोडलेल्यांविषयीं अपराधी भावना, आणि साधे निर्णय घेण्याची असमर्थता. कित्येकांना एखादा शब्द किंवा आवाज कानीं पडतांच ते क्षणभर पुनः त्या जुन्या जगांत ओढले जातात व भान हरपल्यासारखे बसून राहतात. आपल्या योग्यतेला साजेसें जीवन पुनः चालूं होण्यास सहा ते अठरा महिने लागतात, असें त्यांना आढळलें. ज्यांचीं त्या मंडळींत दहा-पंधरा वर्षें गेलीं त्यांना याहून अधिक काळ लागला तर नवल नाहीं.

यांतील निर्णयाची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तिकडे केव्हां उठावें, काय खावें, कोणाशीं बोलावें, कोणाशीं लग्न करावें, हें सर्व दुसरा ठरवितो. हात गळ्यांत बांधून ठेवला तर हाड सांधलें तरी स्नायु दुबळे होतात, तशीच निवड करण्याची शक्ति वापरावांचून दुबळी होते. ती उपदेशानें परत येत नाहीं. रोज थोडी वापरल्यानेंच येते.

ज्यांचा जन्मच अशा मंडळींत झाला त्यांची स्थिति आणखी बिकट. मोठेपणीं आंत गेलेल्याला परत जाण्यासाठीं पूर्वीचें एक आयुष्य असतें. या मुलांना तें नसतें. जपानमध्यें अशा मुलांना 'शूक्यो निसेइ', म्हणजे 'धर्माची दुसरी पिढी', असें म्हणतात. २०२२ सालीं तेथील माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या झाली, आणि आईनें एका धर्मसंस्थेला दिलेल्या देणग्यांनीं आपलें घर बुडालें, असें मारेकऱ्यानें सांगितलें. हत्येचें समर्थन कोणीहि करणार नाहीं. परंतु त्यामुळें या मुलांचें दुःख प्रथमच सर्व देशापुढें आलें. त्याच वर्षीं डिसेंबरांत भीति घालून देणग्या उकळण्यास आळा घालणारा कायदा तेथें झाला, आणि धर्माच्या नांवाखालीं मुलांना धमकावणें वा जबरदस्ती करणें हा बालकांचा छळच होय, असें सरकारनें स्पष्ट केलें.

आपल्याकडेहि कायदा आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाल्यानंतर महाराष्ट्र सरकारनें जादूटोण्याविरुद्ध वटहुकूम काढला व त्याच वर्षीं त्याचा कायदा झाला. दैवी शक्तीचा दावा करून फसवणूक किंवा लैंगिक शोषण करणें, आजाऱ्याला औषधोपचारापासून अडविणें, अशा कृत्यांना त्यांत सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. असा कायदा असणें अवश्य आहे. पण कायदा अपराध्याला शासन करील. सुटून आलेल्याला घरांत पुनः घर वाटूं लागावें, हें काम त्याच्यानें होणारें नाहीं. तें आपल्याकडेच येतें.

मग आपण काय करावें? पहिली गोष्ट, जाब विचारूं नये. तो आपणहोऊन सांगेल तेवढें ऐकावें. सांगतां सांगतां थांबला तर थांबूं द्यावें. तेथील जीवनांत कांहीं चांगलें होतें, तेथील सोबत्यांची आठवण येते, असें तो म्हणाला तर दचकूं नये. आयुष्यांतील दहा वर्षें सर्वस्वीं व्यर्थ गेलीं असें मानणें कोणालाच सोसत नाहीं.

दुसरी गोष्ट, त्याच्या वतीनें सर्व निर्णय आपण घेऊं नयेत. प्रेमाच्या पोटीं आपण त्याचें जेवण, कपडे, नोकरी, लग्न, सारें ठरवूं लागतों. आणि त्याच्या दृष्टीनें मालक फक्त बदलतो. त्याच कारणानें त्याला लगोलग दुसऱ्या एखाद्या महाराजांच्या पायांवर घालूं नये, किंवा त्याची श्रद्धा थट्टेनें उपटूं नये. देव मानावा कीं नाहीं, हें त्याचें त्याला ठरवूं द्यावें.

तिसरी गोष्ट व्यवहाराची. आधारपत्र, बँकेचें खातें, पदवीचीं प्रमाणपत्रें, शिधापत्रिकेवरील नांव, यांपैकीं काय हातांत आहे व काय नाहीं याची यादी त्याच्यासह बसून करावी, आणि कचेरींत त्याच्याबरोबर जावें. नोकरीच्या अर्जांत मधलीं वर्षें कशीं दाखवावीं, हा प्रश्न त्याला रात्रीची झोप येऊं देत नाहीं. त्याची उगाच मनधरणी करण्यापेक्षां तो सोडविण्यास मदत करावी. झोप नाहीं, भूक नाहीं, जगण्याची इच्छा नाहीं, अशीं लक्षणें दिसल्यास विलंब न लावतां मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावें. भारत सरकारनें ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' ही दूरध्वनि सेवा चालविली आहे. १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलतां येतें.

आतां माझ्या विद्यार्थ्याविषयीं. हें सारें वाचून झाल्यावर मीं त्याला पत्र लिहिलें आणि त्या प्रश्नाबद्दल क्षमा मागितली. शिक्षकानें विद्यार्थ्याची क्षमा मागणें मला कठीण गेलें, हें कबूल करतों. दोन महिने उत्तर आलें नाहीं. मग एके सकाळीं तो स्वतःच आला. बोलतां बोलतां म्हणाला, "सर, परवां आईनें भाजी आणायला पाठविलें होतें. मेथी घ्यावी कीं पालक, हें ठरवितां येईना. अर्धा तास उभा राहिलों आणि रिकामी पिशवी घेऊन परत आलों." पूर्वीचा मी असतों तर हंसलों असतों, किंवा "मेथी घ्यायची!" असें सांगून मोकळा झालों असतों. त्या दिवशीं मीं फक्त विचारलें, "चहा घेशील कीं कॉफी?" त्याला बराच वेळ लागला. मी वाट पाहिली. तो म्हणाला, "कॉफी."

त्या गोष्टीला आतां चार वर्षें झालीं. तो एका लहान कारखान्यांत काम करतो. त्याच्या पदवीच्या मानानें तें काम लहान आहे, आणि तें त्यालाहि ठाऊक आहे. शेजारीं आरतीची घंटा वाजली कीं तो अजून एकाएकीं गप्प होतो. रात्रीं दचकून उठतो, असें आई सांगते. वडिलांच्या अंत्यकाळीं आपण नव्हतों, हें शल्य जावयाचें नाहीं, आणि तें काढावयाचा प्रयत्नहि मी करीत नाहीं. मात्र गेल्या वर्षीं, कोणालाहि न विचारतां, त्यानें माळ्यावर पडलेली वडिलांची जुनी सायकल खालीं काढली, दुरुस्त करून घेतली, आणि आतां तिच्यावरूनच तो कामावर जातो. असें करावें हें त्याला कोणी सुचविलें नव्हतें. तें त्यानें आपल्या मनानें ठरविलें.

श्रोतेहो, आपल्या नात्यांत, शेजारांत असें कोणी परत आलें तर त्याची परीक्षा घेऊं नका. त्याला बसावयास सांगा, जेवलास का म्हणून विचारा, आणि पुढचें वाक्य बोलण्याची पाळी त्याच्यावर सोडा. त्याला वेळ लागेल. तेवढा वेळ आपल्यापाशीं असला पाहिजे.